जिंकतो एकच, मग टीममध्ये आठ जण कशाला? : सायकल रेसिंगवर वाचकांचे प्रश्न

प्रश्न (नाशिक): सर, २०२५ ची जिरो, म्हणजे इटलीची तीन आठवड्यांची सायकल रेस, मी मुलाबरोबर पाहिली. शेवटून दुसऱ्या दिवशी गुलाबी जर्सीवाला डेल तोरो पुढच्याला पकडायचं सोडून बाजूच्याकडे बघत बसला आणि हातची रेस घालवली. असं का केलं त्याने? आणि जिंकणारा एकच, मग टीमला आठ जण लागतात कशाला?

उत्तर: दोन्हीचं उत्तर एकच, वारा. सपाट रस्त्यावर चाळीसच्या स्पीडला सायकलवाल्याची बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते, आणि दुसऱ्याच्या चाकामागे बसलात की त्यातली बरीचशी वाचते. मी मुंबई-पुणे रेस केलीय, पनवेल सोडल्यावर समोरून वारा असला की पुढच्याच्या मागच्या टायरपासून वीतभर अंतर ठेवून डोकं खाली घालायचं, कानातला घोंघाट एकदम कमी होतो, आणि अंतर दोन हात झालं की तोच वारा छातीवर येऊन बसतो. घाटात मात्र हा हिशोब बदलतो, स्पीड पंधरा-वीसवर आला की मागे बसून फारसं काही वाचत नाही, तिथे ज्याचे पाय त्याचाच घाट.

आता ३१ मे २०२५ चा दिवस घ्या. सकाळी आतापर्यंतच्या सगळ्या दिवसांच्या एकूण वेळेत डेल तोरो पहिला, म्हणून गुलाबी जर्सी त्याच्याकडे, कारापाझ ४३ सेकंद मागे, सायमन येट्स १ मिनिट २१ सेकंद मागे. वाटेत कोल्ले देल्ले फिनेस्त्रे, म्हणजे १८ किलोमीटरचा चढ, सरासरी ९ टक्क्यांच्या वर, आणि वरचे साधारण ८ किलोमीटर तर डांबरच नाही, नुसती खडी. तिथे येट्स निसटला. मागे राहिलेल्या दोघांपैकी जो ओढणार तो दमणार आणि मागे बसलेला ताजा राहून त्याला पुढच्या चढावर सोडून जाणार, म्हणून दोघंही एकमेकांकडे बघत राहिले. तरी माथ्यावर फरक असा होता की मनावर घेतलं असतं तर रेस वाचली असती.

पण येट्सच्या टीमने सकाळीच वाऊट व्हान आर्टला ब्रेकअवेमध्ये, म्हणजे घोळक्याच्या पुढे निसटलेल्या गटात, पाठवून ठेवलेलं, तो येट्ससाठी थांबला आणि फिनेस्त्रेचा उतार संपल्यावर सेस्त्रिएरेच्या शेवटच्या चढापर्यंत जो सोपा रस्ता आहे तिथे जीव तोडून त्याला ओढलं. व्हान आर्ट म्हणजे सपाटीवर जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसांपैकी एक, त्याच्या मागे बसून येट्सला विश्रांती मिळत होती आणि मागचे दोघं भांडण मिटवायलाच तयार नाहीत, म्हणजे फरक वाढणारच. शेवटी येट्सने जिरो ३ मिनिटं ५६ सेकंदांनी जिंकली. डेल तोरोला लोकांनी फार बोल लावला, मला ते पटत नाही. २१ वर्षांचा पोरगा, आणि त्याच्या टीमने व्हान आर्टसारखा माणूस पुढे पेरून ठेवला नव्हता.

आणि याच फिनेस्त्रेवर २०१८ मध्ये येट्स स्वतः गुलाबी जर्सी घालून कोसळला होता, त्याचा प्रतिस्पर्धी क्रिस फ्रूमने शेवटाच्या ८० किलोमीटर आधीच अटॅक केला आणि येट्स त्या दिवशी ३८ मिनिटांहून जास्त मागे पडला. सात वर्षांनी त्याच खडीवर ती जर्सी परत मिळवली त्याने. सेस्त्रिएरेला तो रडला तेव्हा माझेही डोळे भरून आले.

प्रश्न (पुणे): टीमची मदत न मिळाल्यामुळे मोठी रेस गेली असं कधी झालंय का? महिलांच्या रेसमधलं उदाहरण असेल तर सांगा, आमच्या ग्रुपमध्ये सगळ्या मुलीच आहेत.

उत्तर: झालंय ना, आणि अगदी ताजं. २०२४ ची महिलांची टूर दी फ्रान्स, पाचवा दिवस, शेवट आम्नेविल गावात. पिवळ्या जर्सीतली, म्हणजे एकूण वेळेत पहिली असलेली डेमी वॉलरिंग शेवटच्या साधारण सहा किलोमीटरमध्ये पडली. लगेच थांबून तिला वाऱ्यातून ओढून नेईल अशी टीममेट जवळ नव्हती, उलट त्या दिवशीची स्टेज, म्हणजे त्या एका दिवसाची रेस, जिंकली तिच्याच टीमच्या ब्लांका वाशने. डेमीचे पावणेदोन मिनिटांच्या आसपास गेले. तीन दिवसांनी तिने आल्प द्युएझचा घाट जिंकला, अक्षरशः सगळं ओतलं तिथे, आणि तरी पूर्ण टूर ४ सेकंदांनी कासिया निएविआदोमाकडे गेली. चार सेकंद! कासियाने शेवटच्या घाटात जे सहन केलं त्याला माझा सलामच आहे, तिचं यश कुठेही कमी होत नाही. पण आम्नेविलला एक जणी जरी थांबली असती तर निकाल वेगळा लागला असता असं मला अजूनही वाटतं. ग्रुपमध्ये हे एकदा बोलून घ्या, कोणी पडलं तर कोण थांबणार हे निघायच्या आधीच ठरलेलं बरं.

प्रश्न (सोलापूर): पाच-पाच तास सायकल चालवताना खाणं-पिणं आणि लघवीचं काय करतात?

उत्तर: रेस शांत असली की बरेच जण एकदमच रस्त्याकडेला थांबतात, त्या वेळी अटॅक करायचा नाही असा न लिहिलेला नियम आहे. खाणं जर्सीच्या मागच्या खिशात, शिवाय ठरलेल्या ठिकाणी टीमची माणसं कापडी पिशवी धरून उभी असतात, ती चालत्या सायकलवरून खांद्यात अडकवून घ्यायची.

प्रश्न (कोल्हापूर): दादा, मी १६ वर्षांचा आहे. सपाटीला मी पुढे असतो पण घाट आला की मागे पडतो. घरचे म्हणतात तुला जमणार नाही, सोड. सोडू का?

उत्तर: नको सोडू. आपल्याकडे मुंबई-पुणे रेसमध्ये 'घाटाचा राजा' या किताबाला एवढा मान आहे की घाट नाही जमला म्हणजे सायकलिंगच नाही जमलं असं वाटायला लागतं. मार्क कॅव्हेंडिशचं बघ. स्प्रिंटचा बादशहा, पण डोंगरात कायम शेवटच्या घोळक्यात. २०२१ च्या टूर दी फ्रान्समध्ये तीन्य गावच्या चढावर ठरलेल्या वेळेच्या आत पोचला नसता तर रेसबाहेर गेला असता, टीमची माणसं स्वतःची रेस सोडून त्याच्याबरोबर राहिली आणि दीड मिनिट शिल्लक असताना त्याला लाइनवर आणलं. पुढे ३ जुलै २०२४ ला, वयाच्या ३९ व्या वर्षी, सॅं-व्हुल्बा इथे त्याने टूरमधली आपली ३५ वी स्टेज जिंकली आणि एडी मर्क्सचा ३४ चा रेकॉर्ड मोडला.

तू आत्ता दोन गोष्टी कर. आठवड्यातून एकदा घाट कर, पण दुसऱ्याशी शर्यत न लावता, पूर्ण वाक्य बोलता येईल एवढ्याच दमात, जोतिबाचा चढ तुझ्या जवळच आहे. आणि रविवारी ग्रुपसोबत निघालास की पुढे राहून वारा घ्यायचं काम माग. सपाटीला तुझ्यासारखं कोणी मिळालं तर तुमच्यातला घाटवाला पायथ्यापर्यंत ताजा पोचेल, आणि पुढच्या सपाटीच्या रेसला तुझ्यासाठी वारा कापायला तो येईल. दोन महिन्यांनी कसं चाललंय ते कळव.