पंक्चर झालंच नव्हतं

"यंदाही पाऊस आणि गारठा असला, आणि मी पुन्हा मध्येच थांबलो, तर मी भित्राच ठरलो ना?"

समुपदेशक म्हणून हौशी खेळाडूंकडून हा प्रश्न मी वेगवेगळ्या शब्दांत ऐकत आले आहे. उत्तर म्हणून एका गृहस्थांची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

वय पंचेचाळीसच्या आसपास. नोकरी आणि संसार सांभाळून पहाटे उठून ट्रायथलॉनची तयारी करणारे. त्यांची शर्यत ऑलिम्पिक अंतराची: दीड किलोमीटर तळ्यात पोहणं, ४० किलोमीटर सायकल, शेवटी १० किलोमीटर धावणं. आदल्या वर्षी पाऊस, वारा आणि गार पाणी असं सगळं एकदम आलं होतं. सायकलचा टप्पा संपला आणि सायकल पंक्चर झाल्यामुळे शर्यत सोडावी लागली, असं त्यांनी पहिल्या भेटीत सांगितलं. मीही ते तसंच वहीत लिहून घेतलं. टप्पा संपल्यावर पंक्चर झालं तर धावायला काय अडचण, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही.

यंदाची शर्यत आठ आठवड्यांवर होती. झोप लागत नव्हती, दिवसातून दहादा हवामानाचं अ‍ॅप उघडलं जात होतं. स्पर्धेआधीची नेहमीची धास्ती समजून मी नेहमीचेच उपाय दिले: संथ श्वास, आणि डोळे मिटून फिनिश लाइन ओलांडतानाचं चित्र. तिसऱ्या भेटीला ते आधीपेक्षा वाईट अवस्थेत आले.

"मॅडम, डोळे मिटले की मला फिनिश लाइन दिसत नाही. हेल्मेटचं बक्कल दिसतं."

मग खरी हकीकत बाहेर आली. सायकल स्टँडला लावून झाल्यावरच हेल्मेट काढायचं असतं. ते काढायला गेले तर बोटं ऐकेनात. बाकीचे स्पर्धक येत होते, बूट बदलून पळत होते आणि हे हनुवटीखाली चाचपडत उभे. शेवटी एका विशीतल्या स्वयंसेवकाने लहान मुलाचं उघडावं तसं ते बक्कल उघडून दिलं. यांना थँक्यू म्हणायचं होतं, पण शब्द एकमेकांना चिकटून आले. त्या मुलाने त्यांना चंदेरी ब्लँकेटमध्ये गुंडाळून खाली बसवलं आणि तिथेच शर्यत संपली. बारा वर्षांची मुलगी बघायला आली होती. सायकल ढकलत गाडीपर्यंत तिनेच नेली.

"दोन्ही टायर टणक होते. तिला कळलं असणारच. पण तिने एकदाही विचारलं नाही."

वर्षभर हे त्यांच्या मनात होतं. अ‍ॅपवर ते पाऊस बघायचे खरे, पण प्रश्न असायचा तो पुन्हा खोटं बोलावं लागेल का, हाच. अशा माणसाला फिनिश लाइनचं चित्र देऊन मी नकळत त्याच्यावरचं दडपण वाढवलं होतं. ही चूक माझी, आणि मी ती त्यांच्यापाशी कबूल केली.

त्यानंतरची जवळजवळ एक अख्खी भेट आम्ही मनाविषयी बोललोच नाही, शरीराविषयी बोललो. समुपदेशनात हे विचित्र वाटेल, पण इथे तेच गरजेचं होतं. पाणी शरीरातली उष्णता हवेच्या सुमारे २५ पट वेगाने ओढून घेतं. पाण्यातून बाहेर आल्यावरही आतलं तापमान काही काळ घसरत राहू शकतं, आणि नेमक्या त्याच वेळी ओल्या कपड्यांनिशी सायकलवर बसून आपण स्वतःवर वारा ओढवून घेतो. पाय फिरत असतात, ऊब निर्माण करत असतात. हात मात्र हँडलवर गोठल्यासारखे पडून. आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. जीभ जड होणं, हात न वळणं, तोल जाणं ही त्याची लक्षणं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे निर्णयशक्तीही मंदावते.

"म्हणजे तो मनाचा कमकुवतपणा नव्हता?" त्यांनी दोनदा विचारलं. मी डॉक्टर नाही, म्हणून त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. हृदयाची तपासणीही करून घ्यायला सांगितलं. गार पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येक मध्यमवयीन माणसाने ती करावी असं माझं मत आहे. तो कमकुवतपणा नव्हता, असं डॉक्टरांनीही सांगितलं. खेळायलाही हरकत नाही म्हणाले.

पण लाज इतक्या सहज जात नाही. पुढच्या भेटीत ते अमेरिकन धावपटू डेझिरे लिंडनचं उदाहरण घेऊन आले. २०१८ची बॉस्टन मॅरेथॉन कडाक्याच्या थंडीत, मुसळधार पावसात आणि समोरून येणाऱ्या वाऱ्यात झाली. लिंडनने सुरुवातीलाच सोबतच्या शॅलेन फ्लॅनगनला सांगितलं होतं की आज बहुधा मी शर्यत सोडेन, तुला काही मदत हवी असेल तर सांग. फ्लॅनगन शौचालयासाठी थांबली तेव्हा लिंडन तिच्यासाठी मागे राहिली. आणि शेवटी शर्यत जिंकली लिंडननेच, २ तास ३९ मिनिटं ५४ सेकंदांत. "बघा, ती थांबली नाही!"

खरं आहे. पण त्याच दिवशी आघाडीच्या व्यावसायिक धावपटूंपैकी कितीतरी जण अर्ध्यातून बाहेर पडले होते. त्यांना भित्रं म्हणायचं का, असं विचारल्यावर ते काही बोलले नाहीत. मग मी चीनमधल्या गान्सू प्रांताची गोष्ट काढली. काढावी की नाही, याचा आधी बराच विचार केला होता. २२ मे २०२१ रोजी तिथल्या १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत अचानक गारपीट, बर्फगार पाऊस आणि सोसाट्याचा वारा सुरू झाला. १७२ धावपटूंपैकी २१ जण दगावले, आणि त्यांत नावाजलेले खेळाडूही होते. झू केमिंग नावाच्या मेंढपाळाने सहा जणांना गुहेत नेऊन शेकोटी पेटवली, ते वाचले. डोंगरातली ती शर्यत आणि तळ्याकाठची यांची शर्यत यांत फरक आहेच. मला एवढंच दाखवायचं होतं, की थंडी समोरच्याची जिद्द किती आहे ते बघत नाही.

यातूनच आमच्या कामाला दिशा मिळाली. गारठलेलं डोकं चांगला निर्णय घेऊ शकत नसेल, तर निर्णय घरी, कोरड्या कपड्यांत आणि आधीच घ्यायचा. खिशात मावेल अशा कार्डावर त्यांनी "जर-तर"ची वाक्यं लिहिली. अंगठा त्याच हाताच्या करंगळीला टेकत नसेल, तर पुढच्या मदत केंद्रावर थांबायचं. स्वतःचा स्पर्धक क्रमांक स्पष्ट बोलता येत नसेल, तर तिथल्या तिथे थांबायचं. मागच्या बाजूला, माझ्या आग्रहावरून, उलटी वाक्यं लिहिली: बूट पचपचतात, लोक पुढे जातायत, कंटाळा आलाय, यांतलं काहीही थांबण्याचं कारण नाही. ही मागची बाजू लिहिताना ते पहिल्यांदा हसले. अस्वस्थता आणि धोका यांच्यात रेघ ओढता आली की भीतीचा आकार निम्म्यावर येतो, हा माझा अनुभव आहे.

पोहण्याची तयारी त्यांच्या प्रशिक्षकांनी करून घेतली. गार पाण्यात शिरल्यावर पहिली एक-दोन मिनिटं श्वास धापा टाकल्यासारखा होतो, त्याला कोल्ड शॉक म्हणतात. इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठातल्या माइक टिप्टन आणि सहकाऱ्यांनी दाखवलंय की अशा पाण्यात पाच-सहा वेळा काही मिनिटं उतरलं तरी ही प्रतिक्रिया बरीच सौम्य होते. एकट्याने उतरायचं नाही, ही अट मी घातली. तिथल्याच संशोधकांनी २००६मध्ये असंही मांडलं की मनाच्या तयारीचा सराव केलेल्यांना गार पाण्यात श्वास जास्त वेळ रोखता येतो. हे मी त्यांना जरा फुशारकीनेच सांगितलं. आमच्या धंद्याला असे पुरावे रोज मिळत नाहीत.

सगळ्यात अवघड गृहपाठ मुलीशी बोलण्याचा होता. तो तीन आठवडे लांबला. शेवटी एका संध्याकाळी त्यांनी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बाबा, मी तेव्हाच टायर दाबून पाहिले होते." आणि मग, "तुम्हाला खूप थंडी वाजत होती ना?" हे मला सांगताना त्यांना थांबून पाणी प्यावं लागलं.

शर्यतीच्या सकाळी पाणी १४ अंशांवर होतं. ट्रायथलॉनच्या जागतिक संघटनेच्या नियमांप्रमाणे हौशी स्पर्धकांना १६च्या खाली वेटसूट, म्हणजे अंग उबदार ठेवणारा पोहण्याचा रबरी पोशाख, सक्तीचा असतो आणि १२च्या खाली पोहणंच रद्द होतं. म्हणजे यांना वेटसूट घालून पोहायचं होतं. पाऊस होताच. संध्याकाळी त्यांचा मेसेज आला: "पोहणं छान झालं. सायकलवर ३१व्या किलोमीटरला थांबलो. अंगठा पोहोचला नाही. सगळ्यांना खरं कारण सांगितलं."

पुढच्या भेटीला ते समाधानी चेहऱ्याने येतील असं मला वाटत होतं. आले ते चिडून. राहिलेले नऊ किलोमीटर जमले असते का, हेच डोक्यात घोळत होतं. मी म्हटलं, मला माहीत नाही, आणि तुम्हालाही कधी कळणार नाही. त्यावर ते बराच वेळ गप्प बसले. आत्ता ते फक्त हरले होते. हरल्याचं दुःख साधं असतं, त्यात लपवायचं काही नसतं. त्यामुळे मी त्यांना घाईने बरं वाटवायला गेले नाही.

मग त्यांनी पिशवीतून हातमोजे काढून टेबलावर ठेवले. पाण्यातून बाहेर आल्यावर ओल्या हातांवर ते चढलेच नव्हते. झटापटीत मिनिटभर घालवून तसेच निघाले होते. प्रशिक्षकांनी ओल्या हातांनी घालून बघा म्हणून सांगितलं होतं, तेवढं राहून गेलं.

"एक माप मोठे घ्यायला हवे होते," ते म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं. "तुमच्याकडे बादली आहे का, मॅडम?"