महिन्याची रजा की दिवसाची पाळी?

कामाचं बोला : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत कास्टिंग तपासायला आहे. वय २९, पगार १८ हजार, ईएसआय (कामगार विमा) कापला जातो. दिवाळीपासून नाईटला छाती धडधडते, हात गार पडतात, आता मरतोय असं वाटतं. दोनदा कोल्हापूरच्या सीपीआर हॉस्पिटलला नेलं, ईसीजी चांगला आला. तीन महिने झाले, राजारामपुरीत एका सायकॉलॉजिस्ट मॅडमकडे जातोय. दिवसपाळीच्या आठवड्यात बरा असतो. मी महिन्याच्या रजेचा दाखला मागितला तर त्या म्हणाल्या, "रजेचा दाखला डॉक्टरांचा लागतो, मी पत्र देते." फी घेतात, मग दाखला द्यायला काय होतं? सुपरवायझर म्हणतो, "कागद आण, मग बघू." कागदावर 'पॅनिक' आलं तर कायमचा शिक्का बसेल. घरात स्थळं बघतायत. ओळखीचे एक डॉक्टर टायफॉईड लिहून द्यायला तयार आहेत. काय करू?
– एक वाचक, शिरोली

उत्तर : टायफॉईड आधी डोक्यातून काढा. कारखान्याच्या टाइम ऑफिसात आणि नंतर पर्सोनेलला, म्हणजे कर्मचारी विभागात, मी एकतीस वर्षं काढली. टायफॉईडचे इतके दाखले पाहिलेत की खरा टायफॉईड आला तरी मी संशयानं बघायचो. एका पोरानं दोन वर्षांत चारदा तोच ताप लावला होता. पाचव्यांदा तो खरोखर खचून आला, झोप नाही, जेवण नाही, आणि मागच्या चार कागदांमुळे त्याच्या खऱ्या कागदावर कुणी विश्वास ठेवला नाही. अविश्वास दाखवणाऱ्यांत मीही होतो.

आता मॅडमचं. त्यांच्यावर रागावू नका, त्या बरोबर बोलल्या. कारखान्याला आजारपणाच्या रजेसाठी नोंदणीकृत डॉक्टरचा दाखला लागतो आणि ईएसआयचे पैसे हवेत तर ईएसआयच्याच डॉक्टरचा. सायकॉलॉजिस्ट औषध लिहीत नाहीत, तसा हा दाखलाही त्यांच्या हातातला नाही. रजा लागलीच तर हिशेब असा : ईएसआयमधून रोजच्या सरासरी पगाराच्या ७० टक्के मिळतात, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस, आणि पहिले दोन दिवस सहसा कोरडेच जातात. म्हणजे १८ हजारांचे साधारण साडेबारा हजार. त्याआधीच्या सहा महिन्यांच्या वर्गणीच्या काळात ७८ दिवस तरी भरलेले लागतात. कामावर परतताना फिटनेसचा दाखलाही डॉक्टरचाच.

पण तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दिवसपाळीला तुम्ही बरे असता असं तुम्हीच लिहिलंय. मग महिनाभर घरी बसून काय करणार? एकतिसाव्या दिवशी नाईट आहेच की! तुम्हाला रजा नको आहे, काही आठवडे पाळी बदलून हवी आहे. आणि त्यासाठी मॅडमचं पत्रच सगळ्यात वजनदार, कारण तीन महिने तुम्हाला बघतंय कोण? त्याच.

फक्त पत्रात काय असावं ते आधी बोलून घ्या. लेटरहेड, तारीख, त्यांचं शिक्षण. मॅडम क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा नोंदणी क्रमांक. चार महिन्यांचा कोर्स केलेल्या समुपदेशकाच्या पत्राला पर्सोनेलवाला बाजूला सारतो, मीही सारायचो. मग तुम्ही कधीपासून येता, किती वेळा आलात. आणि मुख्य म्हणजे काम : रात्री जागरण झालं की त्रास वाढतो, म्हणून आठ आठवडे नाईट देऊ नये. त्रास सुरू झाला तर दहा मिनिटं बाहेर बसू द्यावं. आठवड्यातून एकदा उपचारासाठी तासभर लवकर सोडावं. अमुक तारखेला पुन्हा तपासून कळवू. ही शेवटची ओळ सोडू नका. मुदत लिहिलेली असली की साहेब सही करतो. मुदत नसली की त्याला वाटतं, हा आता कायमचाच दिवसपाळीचा झाला.

आजाराचं नाव? पाळी बदलायला त्याची गरज नाही. 'मानसिक आरोग्याच्या तक्रारीसाठी उपचार सुरू आहेत' एवढं पुरे. घरचं, वडिलांचं, लहानपणाचं तर एक अक्षर नको. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं तुमची माहिती गुप्त ठेवायचा हक्क तुम्हाला दिलाय. उद्या सुपरवायझरनं मॅडमना फोन लावला तरी तुमच्या संमतीशिवाय त्यांनी काही सांगायचं नसतं. पत्र पाकिटात घालण्याआधी तुम्ही वाचा, खटकलं तर बदलून मागा.

हे मी एवढ्या जोरानं का सांगतोय? एका बाईंचं पत्र माझ्याकडे आलं होतं, त्यात आजार नावानिशी. मी ते रजेच्या कार्डाला टाचणीनं लावून खाली शॉपमध्ये पाठवलं. वाईट हेतू नव्हता, सगळे कागद तसेच जायचे. चहाच्या सुट्टीपर्यंत कँटीनला माहीत झालं. त्या बाई पुढे माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. म्हणून पाकीट बंद करा, वर 'पर्सोनेल अधिकाऱ्यांसाठी, गोपनीय' लिहा, आणि सुपरवायझरला फक्त अर्ज दाखवा. त्यावर पाळीचं असेल, बाकी काही नाही.

तुमचा एक मित्र अपंगत्वाचा दाखला काढायचं सुचवेल, कारण २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाच्या २१ प्रकारांत मानसिक आजारही आहे. ते तुमच्यासाठी नाही. सवलतींसाठी तिथे किमान ४० टक्के अपंगत्वाचा हिशेब लागतो आणि तो दीर्घकाळच्या, जड आजाराला. तुमचं दुखणं उतरणीला लागलंय.

स्थळांचं म्हणाल तर कारखान्यातलं पाकीट मुलीच्या मामाकडे जात नाही. सांगायचं की नाही, हे मात्र मॅडमशी बोला. तो माझा प्रांत नव्हे.

नाईटला एकटे असताना फारच घाबरलात तर १४४१६ लावा. टेली-मानस, सरकारी, फुकट, रात्रीही चालू.

अर्ज मराठीत, चार ओळींचा करा : "माझ्या उपचारतज्ज्ञांचे पत्र बंद पाकिटात जोडले आहे. त्यातील शिफारशीनुसार मला आठ आठवडे रात्रपाळी देऊ नये ही विनंती. या काळात दिवसाच्या दोन्हींपैकी कोणतीही पाळी करण्यास मी तयार आहे." ते शेवटचं वाक्य ठेवाच. दोन प्रती न्या, एकीवर तारखेसकट पोच घ्या. शिक्का पुसट उमटला तर पुन्हा मारायला लावा.