पाचवीतली ताई ही शाळेची मदतनीस नाही

"माझा मुलगा सात वर्षांचा, दुसरीत आहे. त्याला ऑटिझम आहे, तसं प्रमाणपत्रही काढलंय. शाळेत रोज एकदा तरी किंचाळतो, बेंचखाली जाऊन बसतो. मॅडम म्हणतात, स्पेशल शाळेत टाका. सासूबाई म्हणतात, लाडावलाय. मिस्टर बोलतच नाहीत. मी नोकरी सोडू का? सुदैवानं मोठी मुलगी त्याच शाळेत पाचवीत आहे. तो आवरेनासा झाला की मॅडम तिला वर्गातून बोलावून घेतात. ती त्याचे कान झाकते, जिन्याखाली नेऊन बसवते, पाच मिनिटांत गप्प होतो. आमच्यानंतर तीच तर आहे त्याला."
– एक आई, मानेवाडा, नागपूर

ताई, मूळ पत्रात तुम्ही सासूबाईंवर एक पान लिहिलंय, मॅडमवर एक पान, आणि मुलीवर मोजून चार ओळी. मी त्या चार ओळींवरच बोलणार आहे.

दहा वर्षांची मुलगी. गणिताचा तास चालू आहे. शिपाईबाई दारात येऊन म्हणतात, "तुझा भाऊ रडतोय, चल." सगळा वर्ग वळून बघतो. ती वही उघडी टाकून जाते आणि परत येते तेव्हा फळा पुसलेला असतो. असं आठवड्यातून किती वेळा होतं, हे तुमच्या पत्रात नाही. मला वाटतं तुम्हाला ते माहीतच नाही, कारण ती घरी येऊन कुरकुर करत नसणार. मला याचा राग आला, आणि तो जितका शाळेवर आहे तितकाच तुमच्यावर आहे. शिक्षकाचं काम शाळेनं एका विद्यार्थिनीवर ढकललं आणि तुम्ही त्याला सुदैव म्हणून मोकळ्या झालात.

आता तिनं काय केलं ते बघा. ती त्याचे कान झाकते. म्हणजे घरातल्या आणि शाळेतल्या सगळ्या मोठ्या माणसांच्या आधी त्या पोरीला उमगलंय, की हा हट्ट नाही, त्याला आवाज सोसत नाही. ऑटिझम असलेल्या बऱ्याच मुलांना आवाज, उजेड, स्पर्श आपल्यापेक्षा कितीतरी तीव्र जाणवतात. शाळेची घंटा, मधल्या सुट्टीत एकदम सरकणारे बेंच, खणखणणारे डबे. तुम्ही म्हणाल, हाच मुलगा उन्हाळाभर कूलरच्या तोंडाशी झोपतो, तेव्हा बरा आवाज चालतो! चालतो, कारण कूलर रात्रभर एकसारखा घरघरतो, पुढच्या क्षणी काय ऐकू येणार हे त्याला ठाऊक असतं. घंटा मात्र अंगावर येते. आणि "मला सहन होत नाहीये" हे ज्याला शब्दांत सांगता येत नाही, तो किंचाळूनच सांगणार. त्यावर रागावलं तर किंचाळणं वाढेल.

म्हणून या रविवारी धाकटा झोपला की मुलीला जवळ घेऊन बसा आणि विचारा. तुला कधी बोलावतात? कुठल्या तासाला? तो तेव्हा काय करत असतो? तू काय बोलतेस? माझा अंदाज आहे, ती फारसं बोलतच नसेल. आपण मोठी माणसं अशा वेळी "काय झालं, का रडतोस, कुणी मारलं" असा भडिमार करतो, आणि त्या मुलाला तोही गोंगाटच होतो. ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून घ्या. त्याला शिकवणाऱ्या प्रत्येकाला हा कागद लागणार आहे.

सोमवारी तो कागद आणि प्रमाणपत्राची प्रत जोडून मुख्याध्यापकांना चिठ्ठी द्या. पहिली ओळ ही: माझ्या मुलीला भावासाठी वर्गातून बोलावू नये. त्याखाली लिहा, की घंटा व्हायच्या आधी वर्गशिक्षिकेनं त्याला ठरलेली खूण करावी, घंटेपासून लांब बसवावं, कान झाकायचे हेडफोन वापरू द्यावेत, आणि जिन्याखाली न्यायची वेळ आलीच तर सोबत मोठं माणूस असावं. त्याच्या बेंचवर दिवसाच्या तासांची चित्रांची पट्टी चिकटवा: प्रार्थना, मराठी, डबा, खेळ, घर. एक झालं की ते चित्र काढून ठेवायचं, म्हणजे पुढे काय आहे ते त्याला दिसतं. घरी अंघोळ, डबा, ऑटो यांचीही अशीच पट्टी लावा. ते काम मिस्टरांना द्या, त्यात बोलावं लागत नाही.

हे सगळं तुम्ही उपकार म्हणून मागत नाही आहात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये दिव्यांगत्वाचे जे 21 प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आहे. त्याच्या कलम 16 प्रमाणे सरकारमान्य शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यायचा असतो आणि मुलाच्या गरजेप्रमाणे सोयीही करायच्या असतात. स्पेशल शाळा वाईट नसतात, काही मुलांना त्या मानवतात. पण इथे अजून कुणी साधी जागासुद्धा बदलून पाहिलेली नाही. तेव्हा शाळा बदलू नका, आणि नोकरी तर अजिबात सोडू नका.

राहिलं "आमच्यानंतर". ही काळजी खरी आहे, ती मी उडवून लावणार नाही. त्यासाठी राष्ट्रीय न्यास कायदा, 1999 आहे. मुलगा 18 वर्षांचा झाल्यावर त्याला गरज असेल, तर जिल्हा पातळीवरच्या समितीकडून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. तेव्हा तुमची मुलगी एकवीस वर्षांची असेल. हो म्हणायचं की नाही, ते ती तेव्हा ठरवेल. तोवर तिच्यासमोर हे वाक्य पुन्हा उच्चारू नका.

शाळेनं नाही म्हटलं, तर नकार लेखी मागा आणि त्याची प्रत मला पाठवा. आणि सोमवारी संध्याकाळी मुलीची गणिताची वही उघडून, तिचे कोणते धडे बुडालेत ते तिच्याबरोबर बसून भरून काढायला लागा.