आधी राजीनामा, मग उमेदवारी अर्ज? माझी सही कुठल्या मजकुरावर मिळेल

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला निवडणूक लढवायची तर आधी नोकरी सोडावी लागते. मग आमदाराला लोकसभेचा अर्ज भरताना आमदारकी का सोडावी लागत नाही? हरला तर जुनी खुर्ची शाबूत, जिंकला तर मागे पोटनिवडणुकीचा खर्च आपल्या डोक्यावर. अर्जाआधी राजीनामा सक्तीचा करा, असं निवेदन त्या तयार करताहेत आणि सह्या मागताहेत.

मी २२ वर्षं तहसील कचेरीत काढली, त्यातली बरीचशी निवडणूक शाखेत. ताईंची चीड मला पटते. एकदा एका आमदाराने मध्येच राजीनामा दिल्यामुळे लागलेल्या पोटनिवडणुकीत मी केंद्राध्यक्ष होतो. पहाटे साडेपाचला मॉक पोल, मशीन क्लिअर, सील, सह्या, सगळं नेहमीसारखं. दुपारी एक आजोबा काठी टेकत आले, शाईसाठी बोट पुढे केलं आणि म्हणाले, "साहेब, मी तर मागंच दिलं होतं की मत. ते कुठं गेलं?" माझा पोलिंग ऑफिसर हसला. मला हसू आलं नाही. आजोबांना द्यायला माझ्याकडे उत्तरच नव्हतं.

तरीही निवेदन आज आहे तसं असेल तर मी सही करणार नाही.

आधी शिक्षकाची तुलना. सरकारी नोकराला राजीनामा द्यायला लावतात, कारण निवडणुकीची यंत्रणा म्हणजे आम्हीच. तलाठी यादी बघतो, शिक्षक केंद्रावर बसतो, तहसीलदार अर्ज छाननीला असतो. यंत्रणेतल्याने उमेदवार व्हायचं तर यंत्रणेबाहेर पडावं, हे बरोबरच. आमदार त्या यंत्रणेत नसतो. घटनेच्या कलम १०२ आणि १९१ मध्ये लाभाच्या पदाची अपात्रता आहे, तिच्यात साधी आमदारकी बसत नाही. मंत्र्यांना तर त्याच कलमांत स्पष्ट सूट दिली आहे. (मंत्र्यांचं मला खटकतं, पण तो वेगळा विषय. २०२४ ला चंद्रपुरात मुनगंटीवार राज्यात मंत्री असतानाच लोकसभा लढले, हरले आणि मंत्री राहिले.)

आता ही नोकरदाराची अट प्रत्यक्षात कशी चालते ते बघा. २०२२ ची अंधेरी पूर्वची पोटनिवडणूक आठवा. ऋतुजा लटके मुंबई महापालिकेत नोकरीला होत्या. राजीनामा दिला, पण तो मंजूर झाल्याचं पत्र मिळेना. अर्ज भरण्याची शेवटची तारीख १४ ऑक्टोबर. आदल्या दिवशी उच्च न्यायालयाने पालिकेला सांगितलं की उद्या सकाळी ११ पर्यंत पत्र द्या. तेव्हा कुठे अर्ज भरता आला. हाच प्रकार आमदारांना लावला तर काय होईल? आमदाराचा राजीनामा विधानसभा अध्यक्षांकडे जातो. तो स्वेच्छेने दिलेला आणि खरा आहे का, हे तपासायचा अधिकार त्यांना घटनेनेच दिलेला आहे. आणि अध्यक्ष बहुतेक वेळा सत्ताधारी पक्षाचे. विरोधी आमदाराचा राजीनामा "विचाराधीन" ठेवला की उमेदवारीच गारद. कर्नाटकात २०१९ ला राजीनामे कसे लोंबकळत राहिले ते सगळ्यांनी पाहिलं.

बरं, अध्यक्ष नकोत, अर्ज भरला की आमदारकी आपोआप गेली असं ठेवू. मग साधा हिशोब करा. २०२४ ला महाराष्ट्रातून विद्यमान आमदार म्हणून जे लोकसभा लढून जिंकले, ते प्रणिती शिंदे, वर्षा गायकवाड, प्रतिभा धानोरकर, बळवंत वानखडे, रवींद्र वायकर आणि संदिपान भुमरे. नीलेश लंके सातवे, पण त्यांनी अर्जाआधीच राजीनामा दिला होता. त्यामागे तत्त्व नव्हतं, पक्षांतरबंदीचा कायदा होता. निवडून आले होते राष्ट्रवादीचे, राहिले होते अजित पवारांकडे, आणि लढायचं होतं शरद पवारांच्या पक्षाकडून. आणि हरले कोण? पुण्यात धंगेकर, सोलापुरात राम सातपुते, दक्षिण मुंबईत यामिनी जाधव, ईशान्य मुंबईत मिहीर कोटेचा, नागपुरात विकास ठाकरे, वर उल्लेख आलेले मुनगंटीवार. म्हणजे ताईंच्या नियमाने रिकाम्या झालेल्या जागा जवळपास दुप्पट. खर्च वाचवायला निघालो आणि पोटनिवडणुका वाढवून बसलो.

कुणी म्हणेल, राजीनाम्याच्या भीतीने ते उभेच राहिले नसते. काही नसते राहिले. पण कोण नसते राहिले याचाही विचार करा. ज्याच्यामागे पक्ष, पैसा आणि पुढच्या विधान परिषदेचा शब्द आहे, तो बिनधास्त राजीनामा देईल. बंगालमध्ये २०२१ ला स्वपन दासगुप्ता यांचं असंच झालं. ते राष्ट्रपतीनियुक्त राज्यसभा सदस्य होते. तारकेश्वरला विधानसभेला उभे राहिले, आक्षेप आला म्हणून राज्यसभा सोडली, हरले, आणि दोन-तीन महिन्यांत त्याच जागेच्या उरलेल्या मुदतीवर पुन्हा नियुक्त झाले. एकट्याच्या बळावर निवडून आलेल्या अपक्षाला मात्र असं परत कोण बसवणार?

अमेरिकेत फ्लोरिडासारख्या काही राज्यांत "आधी सोडा, मग लढा" असे कायदे आहेत. पण फ्लोरिडाचे गव्हर्नर डिसँटिस राष्ट्राध्यक्षपदासाठी निघाले, तेव्हा २०२३ मध्ये तिथल्या विधिमंडळाने त्या पदाला या अटीतून मोकळं केलं. तिथले लोकही आपल्यासारखेच.

आता खर्चाचं. महाराष्ट्रात हा मुद्दा वाटतो तेवढा मोठा नाही, आणि त्याचं कारण वेळापत्रकात आहे. १९९९ ला आपल्याकडे लोकसभा-विधानसभा एकत्र झाल्या. २००४ पासून लोकसभा एप्रिल-मेमध्ये आणि विधानसभा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १५१-अ प्रमाणे रिकामी जागा सहा महिन्यांत भरायची, पण उरलेली मुदत वर्षापेक्षा कमी असेल तर ते बंधन नाही. त्यामुळे मे महिन्यात खासदार झालेल्या आमदाराची जागा आपल्याकडे तशीच रिकामी राहते, पोटनिवडणूक लागत नाही. उत्तर प्रदेशात उलट. तिथली विधानसभा २०२७ पर्यंतची, म्हणून २०२४ ला नऊ आमदार खासदार झाले आणि नऊ जागा भराव्या लागल्या. त्यातली मिल्कीपूरची निवडणूक, कोर्टातल्या प्रकरणामुळे, फेब्रुवारी २०२५ पर्यंत लांबली.

आपल्याकडे नुकसान होतं ते वेगळं, आणि ते कुणी मोजत नाही. २०२४ च्या जूनअखेर पावसाळी अधिवेशन भरलं. २८ जूनला अर्थसंकल्प आला, त्यात लाडकी बहीण आली. तेव्हा सोलापूर शहर मध्य, धारावी, वरोरा, दर्यापूर, जोगेश्वरी पूर्व, पैठण आणि पारनेर या सात मतदारसंघांचं सभागृहात कुणी नव्हतं. १२ जुलैला विधान परिषदेच्या ११ जागांची निवडणूक झाली. २८८ पैकी मतदार आमदार उरले होते २७४. चौदा जागा रिकाम्या, त्यातल्या बरोबर निम्म्या लोकसभेला गेलेल्यांच्या. बाकीच्या चार आमदारांच्या निधनाने, दोन राजीनाम्याने आणि एक अपात्रतेने. त्यामुळे निवडून यायला लागणारा मतांचा कोटा २३ वर आला. सभागृह पूर्ण असतं तर २५ लागली असती. ज्या निवडणुकीत एकेका मतासाठी हॉटेलं बुक झाली, तिथे दोन मतांचा फरक किती असतो हे वेगळं सांगायला नको.

कचेरीच्या पातळीवर हे कसं दिसतं तेही सांगतो. आमच्या गल्लीतल्या एक मावशी आधारचा पत्ता बदलायला आमदारांच्या संपर्क कार्यालयात गेल्या. तिथल्या पोराने ड्रॉवरमधून आधीच सही करून ठेवलेला फॉर्म काढला, शिक्का उचलला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की साहेब आता आमदार नाहीत. "मावशी, जुलैत या, खासदाराचा शिक्का बनायला टाकलाय." मावशी जुलैत गेल्या. शिक्का आला होता, साहेब दिल्लीला होते.

प्रचाराच्या दोन महिन्यांत आमदार गायब असतो, ही तक्रार मात्र मला फारशी लागू वाटत नाही. आचारसंहिता लागली की आमदार निधीतून नवं काम सुरू करता येत नाही. उद्घाटनाच्या कोनशिलांवर आम्हीच कागद चिकटवत फिरायचो. त्या काळात आमदार गावात असला काय, नसला काय.

आणि सक्तीने आमदारकी खरंच सुटेल का? त्या सात जागांचं नोव्हेंबरमध्ये काय झालं ते पाहा. पैठणला भुमरेंचे चिरंजीव विलास उभे राहिले, निवडून आले. धारावीत वर्षाताईंच्या भगिनी ज्योती गायकवाड, निवडून आल्या. पारनेरला लंकेंच्या पत्नी राणीताई हरल्या. जोगेश्वरीत वायकरांच्या पत्नी मनीषाताई दीड हजारांच्या आसपास मतांनी हरल्या. वरोऱ्यात धानोरकरांचे भाऊ प्रवीण काकडे हरले. सातपैकी पाच जागांवर उमेदवार घरातलाच. राजीनामा मार्चमध्ये घेतला असता तरी यात तसूभर फरक पडला नसता.

मग मला खटकतं काय? निकाल लागल्यावर दोन्ही खुर्च्या समोर ठेवून निवड करायची मुभा. याचं सगळ्यात वाईट उदाहरण बंगालचंच. २०२१ ला भाजपने काही खासदारांना विधानसभेला उतरवलं. निशीथ प्रामाणिक दिनहाटातून ५७ मतांनी आले. जगन्नाथ सरकार शांतिपूरहून आले. राज्यात सत्ता आली नाही म्हटल्यावर दोघांनी आमदारकी सोडली आणि खासदार राहिले. ३० ऑक्टोबरला पोटनिवडणूक झाली. दिनहाटात ५७ मतांनी हरलेले उदयन गुहा या वेळी १ लाख ६४ हजारांहून जास्त फरकाने आले. मतदारांनी पक्षापेक्षा अपमानाला उत्तर दिलं असं माझं मत आहे, कुणी सत्तेच्या धाकाचं कारण देईल. काही असो, सहा महिने तो मतदारसंघ कुणाचाच नव्हता.

हे का शक्य होतं ते कायद्यात आहे. घटनेचं कलम १०१(२) आणि त्याखालचे १९५० चे नियम सांगतात की एकाच वेळी खासदार आणि आमदार राहता येत नाही. राजपत्रात नाव आल्यापासून १४ दिवसांत आमदारकी सोडा, नाहीतर संसदेतली जागा जाईल. म्हणजे निवड उमेदवाराच्या हातात. पण राज्यसभा आणि लोकसभा यांच्यात असं नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६९ प्रमाणे एका सभागृहात असताना दुसऱ्यात निवडून आलात, की पहिली जागा त्याच दिवशी आपोआप रिकामी. २०२४ ला पीयूष गोयल आणि उदयनराजे राज्यसभेत असताना लोकसभेवर आले. त्यांच्या राज्यसभेच्या जागा लगेच रिकाम्या झाल्या आणि ऑगस्टमध्ये धैर्यशील पाटील आणि नितीन पाटील तिथे बिनविरोध गेले. ना अध्यक्षांची मर्जी, ना चौदा दिवसांचा विचार.

हेच आमदार-खासदारांना लावा एवढीच माझी मागणी आहे. नवीन जागा जिंकली की जुनी गेली, आणि नवीन सोडून जुनीवर परतता येणार नाही. लढायला कुणाला अडवायचं नाही. हरलेला आपल्या मतदारांकडे परत जाईल, त्यांनी त्याला पाच वर्षांसाठीच निवडलं होतं. पण दिनहाटासारखं "सत्ता आली तर आमदार, नाही तर खासदार" हे बंद होईल. त्यासाठी घटनादुरुस्ती लागेल हे मान्य, कारण १०१(२) मध्ये परिणामच उलटा लिहिलेला आहे. एकाच वेळी दोन जागांवरून लढण्याची मुभा काढा, ही मागणीही त्याच निवेदनात घ्या. १९९६ च्या दुरुस्तीआधी तर किती जागांवरून लढायचं याला मर्यादाच नव्हती. १९५७ ला वाजपेयी तीन ठिकाणी उभे होते, बलरामपूरला आले, मथुरेत अनामत गेली. २०१५ ला विधी आयोगाने एकच जागा ठेवा असं सुचवलं. २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने हा संसदेचा विषय म्हणून याचिका फेटाळली. म्हणजे निवेदन कोर्टाकडे नव्हे, आपल्या खासदाराकडे द्या.

एक गोष्ट मात्र त्यात ठळक लिहा, ताई. रिकामी जागा सहा महिन्यांत भरायची तर ती भरलीच पाहिजे. पुण्यात गिरीश बापट २९ मार्च २०२३ ला गेले. लोकसभेची मुदत तेव्हा वर्षाहून जास्त बाकी होती. पोटनिवडणूक झाली नाही. डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने आयोगाला ती घ्यायला सांगितलं, जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. पुण्याला नवा खासदार मिळाला जून २०२४ ला. चौदा महिने.

मजकूर असा बदललात तर पहिली सही माझी धरा. "अर्जाआधी राजीनामा" हे कलम मात्र काढा.