गाय वाटेवर होती

पोरी,

पत्र परवा मिळालं. चार पानं, पाठपोट लिहिलेली, आणि शेवटच्या पानावर समासात आडवं एक वाक्य: "सर, गेले तर मी गोबर, राहिले तर होरी. वाटोळं दोघांचंही झालं. मग मी करू काय?" बेंगळुरूची पीएच.डी.ची जागा घ्यायची की वडील म्हणतात तसं बी.एड. करून तालुक्याच्या शाळेत लागायचं, हा तुझा प्रश्न. तो तू थेट प्रेमचंदांच्या 'गोदान'च्या दावणीला आणून बांधलास; त्यातला होरी गरीब शेतकरी, गोबर त्याचा शहरात गेलेला पोरगा. दोष माझा आहे. बारावीच्या सुट्टीत ते पुस्तक मीच तुझ्या हातात दिलं होतं.

उत्तर लिहायच्या आधी माझी प्रत पुन्हा काढली. शिवण सुटलीय, सुतळीनं बांधून ठेवलीय. १९३६ ची कादंबरी. प्रेमचंद त्याच वर्षी ऑक्टोबरात गेले. मी ती वर्गात निदान वीस वेळा शिकवली असेल आणि 'कर्तव्य विरुद्ध स्वप्न' असा प्रश्न परीक्षेला दहा गुणांसाठी घातलाही असेल. आता वाटतं, प्रश्नच चुकीचा काढला होता.

आधी गोबरचं घे. तो स्वप्नामागे गेला असं तू लिहितेस. नाही गं. भोला गवळ्याची विधवा मुलगी झुनिया त्याच्यापासून गरोदर राहिली, तिला त्यानं रात्रीच्या अंधारात बापाच्या घराकडे पाठवलं आणि स्वतः मागे राहिला. आईबाप तिला आत घेतात की हाकलतात, हे त्यानं लपून ऐकलं. आत घेतलं हे कळल्यावरही उंबरठा ओलांडायचं धाडस झालं नाही, म्हणून लखनौची वाट धरली. याला पळून जाणं म्हणतात. तू वडिलांना समोर बसवून, पत्र दाखवून, महिनाभर वाद घालते आहेस. तुझा गोबर होणं शक्य नाही. (शहरात त्याचंही काही सोनं झालं नाही. पहिलं पोर दगावलं, गिरणीच्या संपात मार खाल्ला. पण ते तुझ्या प्रश्नाशी फारसं लागू नाही.)

होरीवर मात्र थोडं थांबायला हवं. त्याच्या डोक्यावर कर्तव्याचं ओझं होतं हे खरं, पण ते एकाच जातीचं ओझं नव्हतं.

झुनिया दारात आली ती रात्र आठव. होरी तिला हाकलायला म्हणूनच तणतणत निघतो. ती पाय धरते आणि हा म्हणतो, भिऊ नकोस पोरी, घर तुझंच आहे. पंच काय म्हणतील याचा हिशोब त्या क्षणी त्याच्या डोक्यात येत नाही. समोर एक गरोदर पोर आहे आणि बाहेर रात्र आहे, एवढंच. हे एक कर्तव्य.

आता त्याची किंमत बघ. पंचायत बसते, शंभर रुपये रोख आणि तीस मण धान्य दंड ठोठावते. होरीची बायको धनिया भर पंचायतीत भांडते. होरी हात जोडतो. खळ्यावरचं नवं धान्य टोपल्यात भरून, स्वतःच्या डोक्यावरून, स्वतःच सावकार झिंगुरीसिंगच्या ओसरीवर नेऊन ओततो. खेपेमागून खेप. रोख दंडासाठी घर ऐंशी रुपयांवर गहाण टाकतो. जातीबाहेर राहायची कल्पनाही त्याला सोसत नाही. हेही तो कर्तव्य म्हणूनच करतो. पण पहिल्यानं एक जीव वाचला आणि दुसऱ्यानं घरातल्या लेकरांच्या तोंडचा घास गेला. दोन्ही गोष्टी एकाच माणसानं, एकाच भाबडेपणानं केल्या. आपण मात्र दोन्हींना एकच शब्द वापरतो, आणि मग म्हणतो, कर्तव्यानं होरीला मारलं.

मला सगळ्यात जास्त छळणारं प्रकरण तू पत्रात घेतलंच नाहीस. सोनाचं लग्न. होरीची थोरली मुलगी. बाप कर्ज काढणार हे कळल्यावर ती गुपचूप आपल्या मैत्रिणीला, सिलियाला, नियोजित नवऱ्याकडे पाठवते: माझ्या बापाकडून पैसा घेणार असाल तर मी लग्न करणार नाही. मुलगा भला निघतो. सासरा गौरी महतो पत्र पाठवतो की आम्हाला हुंडा नको, मुलगी द्या. पत्र वाचून दाखवलं जातं. सुटकाच की! आणि मग धनिया, भर पंचायतीत पंचांना सुनावणारी, फौजदारासमोर लाचेचे रुपये भुईवर उधळून देणारी आपली धनिया म्हणते, तो त्यांचा चांगुलपणा झाला, आपली मरजाद आपण सांभाळायला नको? लोक काय म्हणतील? होरीही मान डोलावतो आणि दोनशे रुपयांचं कर्ज घरात येतं. कुणीही न मागितलेलं!

वर्गात हे शिकवताना पोरं हसायची. मी हसत नसे, कारण माझं मला ठाऊक होतं. तुला कधी सांगितलं नाही, आता सांगतो. १९७९ साली मला अलाहाबादला हिंदीत संशोधनासाठी प्रवेश मिळाला होता. दोन वर्षं शिकवण्या करून पोस्टात पैसे साठवले होते. जूनमध्ये वडील गेले. तेराव्याला गावजेवण घालायलाच हवं असं कुणी म्हटलं, हे आठवायला बसलो तर एकही चेहरा डोळ्यांपुढे येत नाही. आई म्हणाली नव्हती. चुलते तर म्हणाले होते, घरातल्या घरात उरक. मीच पोस्टाचं खातं मोडलं. चारशे पानं उठली. बुंदी कोरडी झाली होती एवढी एकच प्रतिक्रिया कानावर आली, तीही हात धुताना. अलाहाबाद गेलं ते गेलंच.

त्याच्या पुढच्या वर्षीपासून तीन वर्षं धाकट्या बहिणीची नर्सिंगची फी भरली. तेव्हा खानावळीचा एक वेळचा डबा बंद केला होता. त्या पैशाबद्दल आजतागायत एका रुपयाची हळहळ वाटलेली नाही. दोन्ही वेळा घरात मी 'कर्तव्य' हाच शब्द उच्चारला होता.

पुढे गोबर गावाकडे येतो आणि सावकारी करणाऱ्या दातादीन ब्राह्मणासमोर बसून हिशोब मांडतो, ते पान काढून पुन्हा वाच. बैलासाठी दिलेले तीस रुपये आठ-नऊ वर्षांत दोनशे झालेत. गोबर म्हणतो, रुपया शेकडा व्याजानं सत्तरच्या पुढे जात नाहीत, हे घ्या सत्तर. आपल्याकडे, जुन्या मुंबई इलाख्यात, दामदुपटीचा दंडक कोर्ट मानत असे. व्याज मुद्दलाच्या वर चढू द्यायचं नाही. म्हणजे तीसचे फार तर साठ. पोरानं देऊ केलेले सत्तरसुद्धा आपल्या कोर्टात जास्तच ठरले असते. पण दातादीन ब्राह्मणाच्या पैशाचा शाप काढतो आणि होरी थरथरत कबूल करतो, महाराज, पै न पै फेडीन. गोबर आकड्यांत बरोबर होता, पण घरात चुकला. आईशी कडाक्याचं भांडून, झुनिया आणि पोराला घेऊन निघून गेला. बापाला आकडा समजावून सांगायला त्याला चार दिवसही बसवलं नाही. तुला बसता येईल असं वाटतं, म्हणून हे लिहिलं.

इथवर माझं म्हणणं सरळ आहे. आता त्यात मोडता घालणारी एक जागा आहे, आणि तीही तुला दाखवायलाच हवी, नाहीतर मी तुला फसवल्यासारखं होईल.

होरीचा भाऊ हीरा. त्यानंच मत्सरानं होरीनं हौसेनं आणलेल्या गायीला विष घातलं आणि परागंदा झाला. भावावर बालंट येऊ नये म्हणून होरी पोटच्या पोराच्या डोक्यावर हात ठेवून खोटी शपथ घेतो. हीराची बायको पुनिया मागे राहते, तिची शेती तो आपली समजून करतो, कधी स्वतःची मागे टाकून. माझ्या हिशोबानं हा मूर्खपणा. पण शेवटाकडे हीरा परत येतो, वेडाच्या इस्पितळात राहून, हाडांचा सापळा होऊन, आणि होरीच्या पाया पडतो. त्या वेळी होरीची छाती फुगते. आयुष्यभराच्या सगळ्या हारी त्याला जिंकल्यासारख्या वाटतात. अख्ख्या कादंबरीत हा माणूस इतका सुखी दोनदाच दिसतो. एकदा गाय दारात आली तेव्हा, आणि एकदा हे. स्वप्नानं दिलेलं सुख आणि कर्तव्यानं दिलेलं सुख, दोन्ही त्याच्या वाट्याला एकेकदाच आलं. आणि पोरी, त्याच उल्हासात तो रस्त्याच्या कामावर खडी खोदायला जातो, विसावा घेत नाही, आणि लू, म्हणजे तापलेल्या वाऱ्याची झळ, लागून पडतो. याचं काय करायचं ते मला अजून उमगलेलं नाही. तुझ्या वडिलांना शहाणपण शिकवायला जाशील तेव्हा हीराचं हे प्रकरण मनात असू दे. त्यांचाही एखादा हीरा असेल.

आता तुझं. तू वडिलांच्या चार गोष्टी लिहिल्यास: आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन, सोसायटीचं थकीत कर्ज, भावाच्या लग्नाआधी घरावर स्लॅब, आणि 'पोरगी एकटी परमुलखात राहते' असं भावकी म्हणते ते. एका दमात, एका परिच्छेदात लिहिल्यास, जणू चारी एकाच दुकानाची उधारी.

आईचे गुडघे झुनियासारखे आहेत, दारात उभे. त्याला नाही म्हणू नकोस. जायचं तर ऑपरेशन करून, पंधरा-वीस दिवस आईला चालतं करून जा. जागा राखून ठेवता येते का, हे संस्थेला आजच विचार. विचारल्यावाचून गृहीत धरू नकोस, मी अलाहाबादला साधं पत्रसुद्धा टाकलं नव्हतं. सोसायटीचं म्हणशील तर सचिवाकडून खातेउतारा आण. मुद्दल किती, व्याज किती, भरलं किती, वडिलांच्या शेजारी बसून ओळीनं वाच. तू लिहिलेला आकडा वडिलांनी अंदाजानं सांगितलेला आहे, हे तूच कंसात लिहिलंस. घाबरायचंच तर खऱ्या आकड्याला घाबरावं. फेलोशिप सुरू झाली की महिन्याला किती पाठवू शकशील तेही त्याच कागदावर लिही, कमीच लिही.

स्लॅब मात्र गौरी महतोच्या पत्रासारखा वाटतो. मुलीकडच्यांनी मागितलाय का? तुझ्या पत्रात तसं कुठे दिसलं नाही. एकदा विचारून घ्या. आणि भावकीचं मी काही लिहीत नाही. बुंदी कोरडी होती, एवढंच त्यांच्या लक्षात राहतं.

वडील यातलं काहीच ऐकणार नाहीत असंही होईल. मग चार महिने अबोला होईल. तो सहन होणार नसेल तर राहा. राहिलीस म्हणून मला कमी वाटणार नाहीस. पण राहिलीस तर कशासाठी राहिलीस ते नीट पाहून ठेव. होरीनं जमीन सांभाळण्यासाठी राहायचं ठरवलं, आणि अखेरीस तीन वर्षांचा खंड थकल्यावर तीच जमीन वाचवण्यासाठी दोनशे रुपये घेऊन धाकटी रूपा त्याच्यापेक्षा दोन-चार वर्षांनीच लहान असलेल्या रामसेवकाला दिली. पैसे घेताना हात कापले. गोबर रूपाचं लग्न उरकून परत निघतो तेव्हा बाप रडत सांगतो, या जमिनीच्या मोहानं मी पापाचं गाठोडं डोक्यावर घेतलं. आणि हा एरवी तडतड करणारा गोबर तेव्हा एक शब्द उणा बोलत नाही. ते दोन पानांचं बोलणं मला बापलेकांचं सगळ्यात चांगलं बोलणं वाटतं. फार उशिरा झालं, एवढंच.

तू गोबर आणि होरी असे दोनच रस्ते मोजलेस, आणि दोन्ही पुरुषांचे. त्या घरातल्या मुली तुला दिसल्या नाहीत याची गंमत वाटली. सोनाचं सांगितलं. रूपाचंही शेवटाजवळ एक लहानसं आहे, घाईत वाचलं तर निसटतं. सासरी तिच्या दारात गायी आहेत. बापाची गायीची हौस तिला आठवते, नवऱ्याला विचारते, तो हो म्हणतो, आणि दुसऱ्याच दिवशी ती एका गवळ्याबरोबर गाय माहेरी पाठवते. दादांना सांग म्हणते, मंगलला दुधासाठी पाठवलीय. इकडे होरी त्याच नातवाच्या दुधासाठी आठ आणे रोजावर खडी खोदतोय आणि रात्री धनियाबरोबर कुप्पीच्या उजेडात सुतळी वळतोय. सुतळी विकून आलेले वीस आणे धनिया त्याच्या थंड हातात ठेवते, मरताना ब्राह्मणाला द्यायच्या गायीच्या जागी तेच गोदान. कादंबरी तिथे संपते. पाठवलेली गाय पोचली की नाही, प्रेमचंदांनी लिहिलेलं नाही.

खातेउतारा मिळाला की त्याची झेरॉक्स मला पाठव, चष्मा नवा केलाय. ऑपरेशनची तारीखही कळव. दवाखान्यात रात्री बसायला माणूस लागेल, मी मोकळाच असतो.

तुझे,
सर