टकल्या वसाहतींचं कोडं

प्रश्न : स्ट्रेप्टोमायसेस ग्रिसियस या मातीतल्या जिवाणूच्या प्लेटवर काही वसाहती टकल्या, गुळगुळीत निघाल्या. त्यांच्याभोवती इतर जिवाणू बिनदिक्कत वाढतात. असं का?
– एक विद्यार्थिनी, नेरूळ

उत्तर : ‘ए-फॅक्टर’, म्हणजे हा जिवाणू स्वतःच बनवतो तो इशारा देणारा रेणू, हरवला असणार. हा रेणू नॅनोमोलरच्या घरात असला तरी पुरतो. तो जनुकं दाबून ठेवणाऱ्या ‘अर्पा’ प्रथिनाला डीएनएवरून उठवतो, की पुढची जनुकांची साखळी हलते, वसाहतीवर बीजाणूंची भुकटी येते आणि इतर जिवाणूंना मारणारं स्ट्रेप्टोमायसिन बनू लागतं. गंमत म्हणजे स्वतःच्याच स्ट्रेप्टोमायसिनपासून वाचवणारं प्रतिकाराचं जनुक त्या साखळीतल्या नियामक जनुकाला खेटूनच आहे, त्याच्यासोबतच वाचलं जातं; विषाआधी ढाल तयार!

ए-फॅक्टरचं जनुक गुणसूत्राच्या टोकाजवळ असतं. टोक तुटलं की तेही गेलं. टकली वसाहत भुकटीदार मूळ वसाहतीपासून ५ मिलिमीटरवर रेघून २८ अंशांना ४-५ दिवस ठेवा. शेजारून झिरपलेल्या ए-फॅक्टरमुळे टकलीची जवळची कड भुकटीसारखी पांढरट झाली, तर निदान पक्कं. आणि सारखी फेरलावणी (एका प्लेटवरून दुसरीवर वाढवणं) नको, त्यात टोक तुटायची संधी वाढते. मूळ वसाहतीचे बीजाणू २० टक्के ग्लिसरॉलमध्ये गोठवा.