रात्रपाळीचा माणूस शिकला का?

प्रिय लेकी,

अनेक आशीर्वाद.

आपल्या रोटरी क्लबच्या परवाच्या सभेत पुढच्या वर्षीची सचिव म्हणून तुझं नाव जाहीर झालं आणि बाहेर पडताना तू मला विचारलंस, "काका, १ जुलैला सूत्रं हातात आली की पहिलं काम कोणतं घेऊ? एईडी बसवूया का?" चप्पल घालता घालता उत्तर देण्यासारखा तो प्रश्न नव्हता, म्हणून हे पत्र.

एईडी, म्हणजे हृदयाचे ठोके तपासून गरज पडल्यास शॉक देणारं ते यंत्र, जरूर बसव. हृदय अचानक बंद पडलं आणि कुणी काहीच केलं नाही, तर दर मिनिटाला माणूस वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. १०८ ची गाडी कितीही लगबगीने निघाली तरी बाजारपेठेतल्या गर्दीतून यायला वेळ लागणारच. मधली मिनिटं तिथे हजर असलेल्या माणसांचीच असतात. पण यंत्र बसवलं म्हणजे काम झालं, असं मी एकदा मानलं होतं. ती हकिगत तुला सांगायलाच हवी.

मी अध्यक्ष होतो त्या वर्षी आपण एका सभागृहाला एईडी दिलं. फीत कापली, शाल-श्रीफळ झालं, फोटो छापून आला. दीड वर्षाने एका लग्नासाठी तिथे गेलो आणि सहज पहारेकऱ्याला विचारलं, यंत्र कुठे आहे? तो म्हणाला, "आतल्या कपाटात. किल्ली ऑफिसात. आम्हाला हात लावायचा नाही असं सांगितलंय." किल्ली मागवून कपाट उघडलं, तर छातीला चिकटवायच्या पॅडची मुदत चार महिन्यांपूर्वीच संपलेली. यंत्र चालू केलं, ते इंग्रजीत बोलू लागलं आणि तो भला माणूस माझ्या तोंडाकडे बघत राहिला. त्या दीड वर्षात तिथे कुणावर तशी वेळ आली नाही, हे केवळ नशीब. चूक माझी होती. यंत्र कोण वापरणार, याचा मी विचारच केला नव्हता.

म्हणून यंत्र विकत घेण्याआधी माणसं शोध. पहारेकरी, सफाई कामगार, कँटीनचा पोऱ्या, रिक्षा स्टँडवरचे चौघे. डॉक्टर मंडळी आपल्या क्लबात पुष्कळ आहेत, त्यांना हे येतंच. यंत्र घेताना मराठी, निदान हिंदी बोलणारं मिळतं का ते विचार. नाही मिळालं, तर त्याची वाक्यं क्रमाने मराठीत लिहून मोठ्या अक्षरात शेजारी लाव.

प्रशिक्षणाला भाषण नको. पाच-सहा जणांमागे छाती दाबण्याच्या सरावाचा एक पुतळा हवा आणि प्रत्येकाने गुडघे टेकून पूर्ण दोन मिनिटं छाती दाबायलाच हवी. दाब पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दोन मिनिटांत दंड भरून येतात. ते एकदा अनुभवलं की दर दोन मिनिटांनी माणूस का बदलायचा, हे वेगळं समजवावं लागत नाही. सामान्य माणसासाठी आपल्याकडच्या भूलतज्ज्ञांनी 'कोल्स' नावाची पद्धत आखली आहे. तिच्यात तोंडाने श्वास द्यायचा नसतो, नुसती छाती दाबायची. लोकांची निम्मी भीती तिथेच जाते.

उरलेली निम्मी भीती काढणं अवघड, तिथे वेळ घाल. हृदय बंद पडलेला माणूस पहिल्या काही मिनिटांत आचके देतो. लोकांना वाटतं श्वास चालू आहे, आणि मग कुणी कांदा हुंगवतं, कुणी पाणी पाजायला धावतं. हाक मारून, खांदे हलवून माणूस ओ देत नसेल आणि श्वास नेहमीसारखा नसेल, तर एकाने १०८ लावायचा, दुसऱ्याने यंत्र आणायला पळायचं आणि तिसऱ्याने दाबायला लागायचं. आचके म्हणजे श्वास नव्हे, हे वाक्य प्रत्येकाकडून तीनदा म्हणवून घे.

दुसरी गोष्ट तू स्वतः सांगितलीस तर जास्त पोचेल. पडलेली व्यक्ती बाई असली की पुरुष मागे सरतात. पॅड उघड्या, कोरड्या कातडीवरच लावावे लागतात, एक उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, दुसरा डाव्या काखेखाली. ब्लाउज कापावा लागला तर कापायचा, मंगळसूत्र बाजूला सारायचं, चार बायकांनी ओढण्या धरून आडोसा करायचा. प्रशिक्षणात याचा सराव करून घे, अगदी आडोशासकट. संकोचापायी कुणाची आई जाऊ नये, एवढंच मला वाटतं. चुकून शॉक बसेल का, असंही विचारतील. यंत्र स्वतः ठोके तपासतं आणि गरज असेल तरच शॉक देतं. तेवढ्यापुरतं कुणी अंगाला हात लावायचा नाही.

आता पैसा. यंत्र एक-दीड लाखाच्या घरात जाईल आणि तेवढा जमेलही, कारण यंत्रावर नाव कोरता येतं. पॅड साधारण दोन वर्षांनी बदलावे लागतात, बॅटरी काही वर्षांनी, आणि पॅडवर कुणाचं नाव कोरता येत नाही. त्यामुळे जे जमेल त्याचा तिसरा हिस्सा पहिल्याच दिवशी मुदत ठेवीत टाक. स्मरणिकेच्या जाहिरातींना माझा विरोध आहे. व्यापारी भिडेखातर पैसे देतात आणि स्मरणिका कुणी उघडत नाही. त्यापेक्षा दिवाळीचा फराळ बचत गटाच्या बायकांकडून करून घेऊन विक, त्यांनाही चार पैसे सुटतील. नाटकाचा प्रयोग घ्यायचा तर आधी तिकिटं खपवणारी वीस माणसं मोजून घे, मगच तारीख धर. करसवलतीची पावती हवी असेल त्याच्याकडून दोन हजारांवर रोख घेऊ नकोस, ती सवलतीला चालत नाही. आणि प्रकल्पाचा पैसा व क्लबच्या वर्गणीचा पैसा एका खात्यात कधीही ठेवू नकोस, आठवड्यापुरताही नाही.

सभेबद्दल थोडंच. सत्कार दहा मिनिटांत आटोप, इतिवृत्तात 'चर्चा झाली' असं लिहू नकोस, कोण काय कधी करणार ते लिही. दर महिन्याच्या पहिल्या सभेत एकाने उभं राहून सांगायचं, मी जाऊन यंत्र बघितलं, दिवा हिरवा आहे, पॅडची तारीख अमुक आहे.

रोटरीने १९८५ मध्ये पोलिओचं काम अंगावर घेतलं. आपल्या देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, हावड्याचा, आणि २७ मार्च २०१४ ला आपण पोलिओमुक्त ठरलो. त्या वर्षांत मीही डोसाच्या पेट्या घेऊन हिंडलो आहे. सगळ्या मुलांना डोस मिळालेल्या घराच्या दारावर खडूने 'पी' लिहायचं, कुणी सुटलं असेल, कुलूप असेल, तर 'एक्स'. संध्याकाळी आम्ही 'पी' मोजत नसू, 'एक्स' मोजत असू, आणि दुसऱ्या दिवशी त्याच दारांवर परत जात असू. तुझ्या प्रशिक्षणाचीही तशीच यादी ठेव. शंभर जण शिकले, हे बुलेटिनमध्ये येईलच. कोण आलं नाही, कोण गावाला गेलं होतं, कोणाची पाळी रात्रीची होती, ते तुझ्या वहीत असू दे. शिकलेलेही सहा महिन्यांत विसरतात, त्यांच्या नावापुढे पुन्हा 'एक्स' येतो.

त्या सभागृहातला पहारेकरी अजून तिथेच आहे, हल्ली रात्रपाळीला असतो. येत्या गुरुवारी रात्री साडेनऊला मी पुतळा घेऊन त्याच्याकडे जाणार आहे. तू येतेस का? येताना जुनी चादर आण, फरशी गार असते.

तुझा,
काका